आठवड्याला तीन पौंड पंचेचाळीस पेन्स

इंग्लंडात घरून डबे देणाऱ्या, मेंदी काढणाऱ्या, ब्लाउज शिवणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या आपल्या बायका गावोगाव आहेत. बाळंतपणाचा विषय निघाला की बहुतेकींचं म्हणणं एकच असतं : नोकरीवालीला पगारी रजा मिळते, आपलं काय, आपला असा धंदा तो केवढा! मला दिवस गेले तेव्हा हे मी इतक्या जणांकडून ऐकलं की त्याचंच जास्त टेन्शन आलं. पण मला मॅटर्निटी अलाउन्स, म्हणजे इथल्या सरकारकडून मिळणारा बाळंतपणाचा भत्ता मिळाला, आणि पूर्ण दराने मिळाला. त्यामागचा नियम तसा साधा आहे, फक्त तो धड उलगडून सांगणारं माणूस पटकन भेटत नाही. म्हणून हे जरा पाल्हाळ.

आम्ही रेडिंगला राहतो. नवरा आयटीत, स्किल्ड वर्कर व्हिसावर, आणि मी त्याची डिपेंडंट. डिपेंडंटला नोकरी करता येते, तसा स्वतःचा व्यवसायही करता येतो. २०२३च्या गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेतल्या, तिथून माझी सुरुवात झाली. त्याआधी कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या पालिकेकडे, फूड बिझनेस म्हणून रीतसर नोंद केली होती. ती सुरू करायच्या निदान २८ दिवस आधी करावी लागते, फी काही नाही. मग बॅचलर मुलांचे डबे, दिवाळीचा फराळ, संक्रांतीच्या गुळपोळ्या असं एकेक वाढत गेलं. वाढलं म्हणजे किती, तर सामान, तूप, गॅस, पेट्रोल सगळं वजा जाता वर्षाला साडेतीन हजार पौंडांच्या आसपास. आठवड्याचा हिशेब केला तर साठ-सत्तर पौंड. आमच्या सासूबाई याला कौतुकाने 'हातखर्च' म्हणतात.

इथल्या मराठी मंडळातल्या एका ताईंनी पहिल्याच महिन्यात माझ्याकडून एक काम करून घेतलं होतं. एचएमआरसी, म्हणजे इथलं कर खातं, त्यांच्याकडे सेल्फ एम्प्लॉयड म्हणून नोंदणी. करवर्षात उलाढाल हजार पौंडांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. माझी त्याच्या वर जाणार हे दिसत होतं, पण मुदत थेट पुढच्या वर्षीच्या ५ ऑक्टोबरपर्यंत होती, त्यामुळे मी निवांत होते. ताई म्हणाल्या, "मुदतीचं सोड गं. आज तारीख लागू दे. कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही." काही दिवसांनी दहा आकडी यूटीआर, म्हणजे कर खात्याचा नंबर पोस्टाने आला, तो मी फाइलला लावला आणि विसरले.

२०२४च्या एप्रिलमध्ये दिवस गेल्याचं कळलं. तारीख डिसेंबरच्या सुरुवातीची. पहिल्या भेटीत मिडवाइफने नोकरी विचारली, मी डब्यांचं सांगितलं. ती म्हणाली, मग तुला एम्प्लॉयरकडून मिळतो तो मॅटर्निटी पे नाही मिळणार, पण मॅटर्निटी अलाउन्सचं बघून ठेव. एवढंच बोलून ती रक्तदाबाकडे वळली.

घरी येऊन हे सांगितलं तर नवऱ्याचा चेहरा उतरला. आमच्या बीआरपी, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याच्या कार्डावर 'नो पब्लिक फंड्स', सरकारी मदत घ्यायची नाही, असं छापलेलं होतं. "व्हिसा वाढवायचा आहे आपल्याला, नसते उद्योग नकोत," असं त्याचं म्हणणं. त्याच्या ऑफिसातल्या दोघांनी त्याला दुजोरा दिला. इथे आलेल्या प्रत्येक भारतीय घरात ही भीती असते आणि ती अगदीच निराधार नसते, कारण चुकून चाइल्ड बेनिफिटचा फॉर्म भरला तर खरोखरच पंचाईत होऊ शकते. पण पब्लिक फंड्स म्हणजे 'सरकारकडून येणारा कुठलाही पैसा' असा अर्थ नाही. त्याची ठरलेली यादी इमिग्रेशनच्या नियमांतच दिलेली आहे. त्यात युनिव्हर्सल क्रेडिट आहे, चाइल्ड बेनिफिट आहे, कौन्सिलची घरं आहेत. मॅटर्निटी अलाउन्स नाही, कारण तो नॅशनल इन्शुरन्स या सरकारी विम्याच्या वर्गणीवर चालतो. आपण कामधंदा करून त्या व्यवस्थेत असतो म्हणून तो मिळतो. मी ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली, मग नवऱ्याला मोठ्याने वाचायला लावली. पितृत्वरजेचे दोन आठवडे तो स्वतः कंपनीकडून घेणारच होता, त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. तेही वैधानिकच असतात, हे सांगितल्यावर जरा गप्प झाला.

दुसरा अडथळा आला अकाउंटंटच्या रूपाने. गृहस्थ सज्जन होते, फीसुद्धा माफक. त्यांनी माझे आकडे बघितले आणि म्हणाले, तुमचा नफा ६,७२५ पौंडांच्या खाली आहे, तेव्हा नॅशनल इन्शुरन्स काहीच लागत नाही, सुटलात तुम्ही. करापुरतं त्यांचं बोलणं बरोबर होतं. बाळंतपणासाठी मात्र हे 'सुटणं'च अंगाशी येतं.

कारण असं आहे. सेल्फ एम्प्लॉयड माणसाच्या नॅशनल इन्शुरन्सचा एक भाग म्हणजे क्लास टू. त्या वर्षी तो आठवड्याला ३ पौंड ४५ पेन्स होता. एप्रिल २०२४पासून ६,७२५च्या वर नफा असलेल्यांना तो भरावाच लागत नाही, भरला असं धरून चालतात. त्याच्या खाली असलेल्यांच्या बाबतीत मात्र तो भरला असं धरत नाहीत. त्यांना हवा असेल तर आपणहून, ऐच्छिक भरायचा. म्हणजे जिची कमाई जास्त तिचं आपोआप होतं, आणि जिची कमी तिने स्वतः शोधून, माहिती काढून पैसे भरायचे. ही रचना ज्याने कुणी केली त्याच्या घरात डबे होत नसणार.

आता पात्रता. बाळाची तारीख ज्या आठवड्यात असेल त्याच्या मागचे ६६ आठवडे धरायचे. त्यातले निदान २६ आठवडे तुम्ही नोकरी किंवा स्वतःचा व्यवसाय करत असायला हवं. ते सलग असायची गरज नाही. आणि निदान १३ आठवडे आठवड्याला ३० पौंड तरी कमाई हवी, तेही सलग नकोत. इथेच आपल्या बायका घाबरतात. श्रावणात ऑर्डरी नव्हत्या, जानेवारीत आजारी होते, अमुक आठवड्यात वीसच पौंड आले, मग माझं कसं बसणार? पण सेल्फ एम्प्लॉयड बाईच्या बाबतीत आठवड्याच्या गल्ल्यात किती आले ते बघतच नाहीत. बघतात ते क्लास टू. त्या ६६ आठवड्यांत १३ आठवड्यांचा क्लास टू भरलेला असेल तर तुमची कमाई पूर्ण दराला पुरेशी होती असं मानतात. भरलेला नसेल, तर आठवड्याला ३० पौंड कमावत होतात असं मानतात, आणि त्याचे ९० टक्के, म्हणजे २७ पौंड देतात.

माझ्या वेळी पूर्ण दर आठवड्याला १८४ पौंड ३ पेन्स होता. अलाउन्स मिळतो ३९ आठवडे. गुणाकार मी रवा भाजता भाजता मोबाइलवर केला. २७च्या दराने १,०५३ पौंड. पूर्ण दराने ७,१७७. आणि या दोन्हींमध्ये काय, तर १३ आठवडे गुणिले ३.४५, एकूण ४४ पौंड ८५ पेन्स. एक किलो चकलीच्या दोन-तीन ऑर्डरींचे पैसे. मी पुन्हा गुणाकार केला. तेवढ्यात रवा खाली लागला.

म्हटलं, लगेच भरून टाकू. तर इथे आणखी एक मेख आहे. आपल्या मनाने आधीच पैसे भरून ठेवण्यात अर्थ नसतो. आधी अलाउन्सचा अर्ज करायचा, मग अलाउन्स देणारं खातं तुमची नोंद तपासतं आणि क्लास टू कमी पडत असेल तर एचएमआरसीकडून पत्र येतं. त्या पत्रात एक संदर्भ क्रमांक असतो आणि पैसे त्याच क्रमांकाने भरायचे असतात. आदल्याच महिन्यात सेल्फ असेसमेंटमधून, म्हणजे कराच्या विवरणपत्राबरोबर, काही भरलं असलं तरी पूर्ण दरासाठी पत्रातल्या क्रमांकानेच भरावं लागतं. हे नुसतं ठाऊक असणं हेच निम्मं काम आहे.

अर्ज गरोदरपणाचे २६ आठवडे पूर्ण झाल्यावर करता येतो. फॉर्मचं नाव एमए-१. सोबत मिडवाइफकडून मिळणारं मॅट बी-१ प्रमाणपत्र लागतं, ते तारखेच्या २० आठवडे आधीपासून देतात. त्यावर बाळाची अपेक्षित तारीख, मिडवाइफची सही आणि तिचा नोंदणी क्रमांक असतो. माझ्या मिडवाइफने ते भिंतीला टेकवून भरलं, त्यामुळे तारखेतला एक आकडा पुसट उठला. मी तिला तिथेच तो पुन्हा गिरवायला लावला. तिला ते फार आवडलं नाही, पण ६६ आठवड्यांचा सगळा हिशेब त्या एका तारखेवर उभा असतो.

फॉर्म लांबलचक आहे, तरी अवघड म्हणता येणार नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका बाजूला भाजणीच्या डाळी निवडून ठेवलेल्या आणि दुसऱ्या बाजूला मी कॅलेंडर घेऊन बसलेली. काम कधी सुरू केलं, या प्रश्नाला ताईंनी लावायला लावलेली तारीख आली उपयोगी. सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४, म्हणजे २६ आठवड्यांची अट केव्हाच ओलांडलेली. पगाराच्या स्लिपा नोकरी असेल तर लागतात, माझ्याकडे त्या नव्हत्या आणि मला द्यायच्याही नव्हत्या. 'तुम्ही काम कधी थांबवणार?' इथे मात्र मी अडखळले.

अलाउन्स तारखेच्या ११ आठवडे आधीपासून सुरू करता येतो. माझ्या बाबतीत तो सप्टेंबरच्या मध्यापासून झाला असता. पण एकदा सुरू झाला की काम थांबवायचं. फक्त दहा दिवस काम करायची मुभा, त्यांना इथे 'कीपिंग इन टच' दिवस म्हणतात, आणि तासभर काम केलं तरी तो अख्खा एक दिवस धरतात. फराळ दहा दिवसांत होत नाही हे कुणाही मराठी बाईला सांगायला नको. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं आणि भाऊबीज ३ला. मी फॉर्मवर ४ नोव्हेंबर लिहिलं. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "आठव्या महिन्यात चकल्या पाडणार आहेस? सोऱ्या दाबायला जोर लागतो गं." सोऱ्या दाबायचं काम नवऱ्याकडे दिलं. त्याच्या चकल्यांना काटे आले, वेटोळी काही जमली नाहीत. ऑर्डरींत चकलीऐवजी 'चकली स्टिक्स' असं लिहून पाठवलं, लोकांनी मजेत घेतल्या.

अर्ज वुल्व्हरहॅम्प्टनच्या पत्त्यावर पोस्टाने गेला. पाठवण्याआधी पानापानाचा फोटो काढून ठेवला, आणि पोस्टातून पोचपावती घेतली. पहिलं पत्र आलं ते २७ पौंडांचं. नवरा म्हणाला, मिळतायत ते घेऊ या, वाद नको. पण ते वाद घालण्याचं पत्र नव्हतंच. नोंदीत क्लास टू शून्य दिसत होता, तेव्हा नियमाप्रमाणे २७च येणार. पाठोपाठ एचएमआरसीचं पत्र आलं : तुमचे इतके आठवडे कमी पडत आहेत, भरायचे असतील तर हा क्रमांक. त्याच संध्याकाळी बँकेच्या ॲपमधून ४४.८५ भरले. संदर्भ क्रमांक मी वाचला, नवऱ्याने टाइप केला, मग अदलाबदल करून पुन्हा वाचला. आपल्याकडे टपाल खात्यात आरडी भरताना माझे वडील पासबुकावरचा आकडा असाच दोनदा वाचून घ्यायचे.

सुधारित पत्र यायला थोडा वेळ लागला आणि मधल्या काळात मी एकदा फोनही केला. फोनवरच्या बाईंनी शांतपणे सगळं बघून 'पैसे पोचलेत, दर बदलला जाईल' असं सांगितलं. आणि बदलला. भाऊबीज झाल्यावर अलाउन्स सुरू झाला, दर दोन आठवड्यांनी खात्यात जमा व्हायचा. त्यावर कर लागत नाही. एप्रिलमध्ये दर १८७.१८ झाला तो आपोआप लागू झाला.

यात मला खटकलेली एक गोष्ट आहे. मी आठवड्याला साठ-सत्तर पौंड कमवत होते आणि अलाउन्स मिळाला १८४. माझ्याच ओळखीची एक मुलगी एका पार्लरमध्ये तासांवर कामाला जाते, आठवड्याला साधारण तेवढेच पौंड पगार. तिला नोकरदार म्हणून मोजलं, म्हणजे सरासरी पगाराचे ९० टक्के. तिच्या हातात साठेक पौंडच पडले. दोघींचं काम तितकंच, पोटही तितकंच पुढे आलेलं. मी माझे सोडले नाहीत, पण हा न्याय मला अजून कळलेला नाही.

आणखी एकीचं सांगते. तिच्या नवऱ्याचं किराणा दुकान आहे, ती दिवसभर गल्ल्यावर बसते, पण कागदावर ती कुणीच नाही, पगारही नाही. अशा बायकांसाठी वेगळी तरतूद आहे : नवरा सेल्फ एम्प्लॉयड म्हणून नोंदलेला असेल, त्याचा क्लास टू चालू असेल, आणि त्या ६६ आठवड्यांत २६ आठवडे तुम्ही त्याच्या धंद्यात बिनपगारी हात लावलेला असेल, तर १४ आठवडे २७ पौंड मिळतात. एकूण ३७८. रक्कम फार नाही, पण दुकानात बसणं हे काम आहे असं सरकारने लिहून दिलेलं मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही. दुकान कंपनी म्हणून नोंदलेलं असेल तर मात्र हे लागू होत नाही, तेवढं आधी बघा.

सांगलीला माझी वहिनी घरी ब्लाउज शिवते. तिच्या पहिल्या मुलाच्या वेळी तिला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये मिळाले होते, आधी तीन आणि लसीकरण झाल्यावर दोन. तिचा फॉर्म अंगणवाडी सेविकेने घरी येऊन भरून घेतला. तिला आठवडे मोजावे लागले नाहीत, कुठली वर्गणी भरावी लागली नाही. माझ्या सात हजार पौंडांपुढे तिचे पाच हजार रुपये म्हणजे काहीच नाही, पण तिच्याकडे कुणीतरी आपणहून चालत आलं. इथे पैसे आहेत, चालत कुणी येत नाही.

बाळ ठरल्या तारखेच्या थोडं आधी झालं. आई सांगलीहून आली होती, बाळंतविड्याचं सगळं घेऊन. पुढे मार्च अखेरीला पाडवा आला तेव्हा पुरणपोळ्यांच्या मोजक्या ऑर्डरी घेतल्या आणि त्यासाठी ते दहातले काही दिवस वापरले. आई बाळाला मांडीवर घेऊन बसायची, पोळ्या मीच लाटायचे. तिला लाटणं हातात घेऊ दिलं नाही, कारण ती व्हिजिटर व्हिसावर होती आणि ऑर्डरीचं काम म्हणजे काम. तिला हे अजिबात पटलं नाही. "माझ्या लेकीच्या घरात मी पोळी लाटायची नाही?" घरच्या जेवणाच्या लाट म्हटलं, हव्या तेवढ्या. कुठल्या दिवशी काम केलं ते मी फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवत होते.

हल्ली मंडळाच्या ग्रुपवर हा प्रश्न आला की मला टॅग करतात. परवा एकीने विचारलं, मेंदी काढते, फक्त लग्नसराईत, बाकी महिने रिकामे, चालेल का? मी तिला पहिला प्रश्न विचारला : नोंदणी कधीची आहे? तर नोंदणीच नाही, कारण उलाढाल हजाराच्या आत. हजाराच्या आत असली तरी आपणहून नोंदणी करता येते, आणि ऐच्छिक क्लास टू भरायचा तर करावीच लागते. २०२५-२६ साठी तो आठवड्याला साडेतीन पौंड होता आणि नफ्याची ती मर्यादा ६,८४५ होती. तिला अजून दिवस गेलेले नाहीत, फक्त विचार चालू आहे, म्हणजे २६ आठवडे भरायला तिच्याकडे भरपूर वेळ आहे. आणखी एकीला आठवा लागला होता आणि 'आता काय उपयोग' म्हणून ती फॉर्म भरतच नव्हती. तिला सांगितलं की अलाउन्स ज्या दिवशी सुरू व्हायला हवा त्यानंतर तीन महिन्यांपर्यंत अर्ज केला तरी मागचे पैसे मिळतात, त्याच्या पुढे गेलीस तर बुडतात. तिने रात्रीच मिडवाइफला मॅट बी-१ साठी मेसेज टाकला.